प्रारूप विकास आराखड्यात आपली जागा आरक्षणात आली तर काय करावे : खान्देशातील मिळकतधारकांसाठी मार्गदर्शक

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार यांपैकी कोणत्याही शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे पुढे कोठे रस्ते होणार आणि कोणती जागा शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षित राहणार हे दाखवणारा मसुदा, प्रसिद्ध झाला की पहिल्या आठवड्यात अफवा पसरतात आणि शेवटच्या आठवड्यात अर्जांची गर्दी होते. मधले दोन आठवडे, जे खरे कामाचे असतात, ते बहुतेकांचे वाया जातात. आमच्या कॉलनीतील काही भूखंडांवरून प्रस्तावित रस्ता दाखवला गेला, तेव्हा नकाशा मिळवण्यापासून सुनावणीपर्यंतचे सर्व टप्पे मला पार करावे लागले, आणि नंतर इतरांचे अर्ज तयार करण्यास मदत करताना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले. ज्यांनी आयुष्यात एकदाही नगर रचना विभागाची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी ही माहिती क्रमाने लिहिली आहे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. सामान्य मिळकतधारकाचे म्हणणे ऐकून घेणे कायद्याने ज्या काळात बंधनकारक असते, तो काळ अगदी लहान असतो. त्या मुदतीत, लेखी आणि नकाशावरील वस्तुस्थितीच्या आधारे मांडलेले म्हणणे नोंदीवर राहते. नंतर नगरसेवकाकडे, आमदाराकडे किंवा मंत्रालयात केलेल्या विनंतीला ते बळ नसते.

१. आराखडा नेमका कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा

विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होतो. प्रथम महापालिका किंवा नगरपरिषद कलम २३ खाली आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर कलम २५ खाली शहराचा विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, म्हणजे आज कोठे घरे, दुकाने, कारखाने, शाळा, नाले आणि शेती आहे याची प्रत्यक्ष पाहणी होते. मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागवल्या जातात, कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते, कलम ३० खाली आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली शासन त्याला मंजुरी देते. मंजूर आराखड्याची फेरतयारी साधारणतः २० वर्षांनी व्हावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. नकाशावरील ज्या रेघेकडे आज दुर्लक्ष होईल, ती पुढील पिढीच्या वाट्याला येऊ शकते.

आपल्या कामाचा टप्पा कलम २६ चा आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांमध्ये हरकतींसाठी ६० दिवस मिळतात, इतरत्र ३० दिवस. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे ४.६० लाख आणि धुळ्याची सुमारे ३.७५ लाख होती, त्यामुळे खान्देशातील शहरांना ३० दिवसांचाच हिशेब लागू होतो. ही मुदत शासन राजपत्रातील सूचनेपासून मोजली जाते, वर्तमानपत्रात बातमी आपण वाचली त्या दिवसापासून नव्हे. सूचनेची प्रत मिळवून तिच्यावरील शेवटची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी.

येथे एक सापळा आहे. इरादा जाहीर होतो तेव्हाही नागरिकांकडून म्हणणे मागवले जाते आणि काही जण त्याच वेळी अर्ज देऊन निश्चिंत होतात. तो अर्ज नियोजन क्षेत्राच्या हद्दीविषयीचा समजला जातो. प्रारूप आराखड्यातील आरक्षणावर हरकत घ्यायची तर कलम २६ च्या सूचनेनंतर नवा अर्ज द्यावाच लागतो.

२. नकाशा आणि अहवाल, दोन्ही मिळवा

मोबाइलवर फिरणाऱ्या नकाशाच्या छायाचित्रावर विसंबू नये. त्यात कडेचा भाग कापलेला असतो, रंग बदललेले असतात आणि सर्व्हे क्रमांक वाचता येत नाहीत. महापालिकेच्या नगर रचना विभागात प्रारूप नकाशे पाहण्यासाठी लावलेले असतात आणि शुल्क भरून प्रती मिळतात. पुढील चार गोष्टी मागाव्यात : आपल्या भागाचा प्रस्तावित जमीन वापर नकाशा, त्याच भागाचा विद्यमान जमीन वापर नकाशा, आरक्षणांची यादी आणि आराखड्याचा अहवाल.

लोक केवळ पहिला नकाशा घेतात. माझ्या मते सर्वांत उपयुक्त कागद दुसरा आहे, कारण आराखडा करणाऱ्यांनी आपल्या जागेवर आज काय आहे असे गृहीत धरले, हे त्यातून कळते. तेथे आपले राहते घर ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवले असेल, तर हरकतीचा अर्धा पाया तेथेच तयार होतो. अहवालात त्या प्रभागाची अपेक्षित लोकसंख्या आणि तिला लागणाऱ्या शाळा, दवाखाने, मैदाने यांचा हिशेब असतो, तोही वाचून ठेवावा.

नकाशावर आपली जागा शोधताना क्रमांकांचा घोळ होतो. शेतजमिनीला सर्व्हे किंवा गट क्रमांक असतो, गावठाणात व जुन्या शहरात सिटी सर्व्हे क्रमांक असतो आणि मंजूर ले-आउटमध्ये भूखंड क्रमांक असतो. आराखड्याच्या नकाशावर बहुधा मूळ सर्व्हे किंवा गट क्रमांकच छापलेला असतो, म्हणून खरेदीखतावरून मूळ क्रमांक आधी काढून ठेवावा.

आरक्षण आणि ले-आउटमधील ओपन स्पेस यांचीही गल्लत होते. चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या जागेच्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती त्या ले-आउटमधील रहिवाशांची असते. विकास आराखड्यातील आरक्षण हे शहराच्या सार्वजनिक हेतूसाठी असते आणि त्याचे संपादन व्हावे लागते. कॉलनीच्या ओपन स्पेसवरच आराखड्याचे आरक्षण टाकलेले दिसले, तर ती हरकत कॉलनीने एकत्र घ्यावी.

३. कागदपत्रे जमवा

ही जमवाजमव पहिल्या दोन दिवसांतच सुरू करावी, कारण मोजणीची प्रत आणि जुने आदेश मिळण्यास वेळ लागतो.

– सातबारा उतारा व ८अ (डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावरून मिळतो), किंवा सिटी सर्व्हे हद्दीत मिळकत पत्रिका
– नावे कशी चढली हे दाखवणारे फेरफार
– खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र
– भूमि अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, ज्याला आपण ‘क’ प्रत म्हणतो
– बिनशेती आदेश आणि मंजूर ले-आउटचा नकाशा, दोन्हींवरील तारखांसह
– बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी व पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल
– नगर रचना विभागाचा झोन दाखला (जागा कोणत्या वापरात दाखवली आहे ते सांगणारा) व भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशातील आपल्या जागेपुरता भाग)
– जागेची तारीख असलेली छायाचित्रे

सातबाऱ्यावर आजोबांचे नाव तसेच राहिले असेल तर वारसनोंदीचा अर्ज लगेच करावा, मात्र ती नोंद होईपर्यंत हरकत थांबवून ठेवू नये. वारस म्हणून हितसंबंध असल्याचे नमूद करून अर्ज देता येतो. गुंठेवारीतील भूखंडधारकांची स्थिती अधिक नाजूक असते, कारण एका सातबाऱ्यावर अनेक नावे असतात किंवा काहींची नावे चढलेलीच नसतात. अशा वेळी प्रत्येकाने आपले स्वतंत्र खरेदीखत जोडून स्वतंत्र अर्ज द्यावा.

४. नकाशावरची रेघ जमिनीवर उतरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग सुनावणीत ‘आमची किती जागा जाते’ या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

नकाशाचे प्रमाण कोपऱ्यात लिहिलेले असते. प्रमाण १:५००० असेल तर नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील पाच मीटर. छापील रेघेची जाडीच काही मीटर भरते, म्हणून मोजपट्टीने नकाशा मोजून अंतिम निष्कर्ष काढू नये. भाग नकाशा मोजणी नकाशावर ठेवून परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदाकडून रेखाटन करून घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. आपल्या भूखंडाची रस्त्याकडील बाजू ३० मीटर लांब आहे. समोरचा रस्ता आज १२ मीटरचा आहे आणि आराखड्यात तो २४ मीटरचा दाखवला आहे. रुंदीकरण दोन्ही बाजूंना समान असेल तर आपल्या बाजूचे सहा मीटर जातील, म्हणजे १८० चौरस मीटर, सुमारे पावणेदोन गुंठे. तेच रुंदीकरण संपूर्ण आपल्याच बाजूला टाकले असेल तर ३६० चौरस मीटर जातील. शिवाय पुढील बांधकामाची समोरील सामासिक जागा, म्हणजे बांधकामापुढे मोकळी सोडावी लागणारी जागा, रुंद झालेल्या रस्त्याच्या रेषेपासून मोजली जाते, त्यामुळे बांधता येण्याजोगी जागा याहूनही कमी होते. हे तीन आकडे, म्हणजे एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र आणि उरणारे वापरण्यायोग्य क्षेत्र, अर्जात असले की अर्जाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

५. हरकतीचा आधार विचारपूर्वक निवडा

येथे थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुसंख्य अर्ज याच ठिकाणी पडतात.

‘आम्ही गरीब आहोत’, ‘आमच्यावर अन्याय झाला’, ‘शेजाऱ्याची जागा सोडली आणि आमची घेतली’ ही वाक्ये खरी असू शकतात, पण नियोजन समितीला त्यावर काही करता येत नाही. मैदान कोणाच्या तरी जमिनीवरच होणार असते. धुळ्याच्या बाजूला एका सुनावणीच्या दालनाबाहेर एक वयस्क शेतकरी हातातील नकाशा उलटसुलट फिरवत विचारत होते, “मना वावरमा हाऊ रस्ता कसा काय उना?” (माझ्या शेतात हा रस्ता कसा काय आला?) प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या अर्जाने नेमके याच प्रश्नाचे उत्तर कागदावर मागायचे असते : हा रस्ता येथूनच का, आणि दुसरीकडून का नाही?

टिकणारे आधार साधारणतः असे असतात.

पहिला, आधीची परवानगी. ले-आउट किंवा बांधकाम आराखड्याच्या इराद्यापूर्वी मंजूर झालेले असेल आणि तरीही त्यावर आरक्षण टाकले असेल, तर त्या मंजुरीचा क्रमांक व दिनांक हाच सर्वांत बळकट युक्तिवाद ठरतो. जळगावात पिंप्राळा आणि मेहरूणच्या बाजूला, किंवा धुळ्यात देवपूरपासून हद्दवाढीत आलेल्या वलवाडी, महिंदळे, अवधान या गावांच्या दिशेने, घरे आधी आणि नियोजन नंतर अशा क्रमाने वस्ती वाढली. तेथे ग्रामपंचायत काळातील कागद कोणत्या अधिकाऱ्याने दिला, हे काटेकोरपणे तपासले जाते. केवळ ग्रामपंचायतीचा दाखला आणि जिल्हाधिकाऱ्यांचा बिनशेती आदेश यांना समान वजन नसते. गंमत अशी की ज्या धुळ्यात १८१९ च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने नवी पेठ सरळ, रुंद रस्त्यांची आखून घेतली, त्याच शहराच्या कडेचे रस्ते आज शेतांच्या बांधांवरून वळणे घेत जातात आणि नंतर आराखड्याची सरळ रेघ त्यांना आडवी येते.

दुसरा, पाहणीतील चूक. विद्यमान वापर नकाशात घर, विहीर, नाला, मंदिर, स्मशानभूमी किंवा उच्चदाब वीजवाहिनी चुकीची दाखवलेली असणे.

तिसरा, पर्यायी जागा. त्याच परिसरात सरकारी, गायरान किंवा महापालिकेची पडीक जागा असेल तर तिचा गट क्रमांक व क्षेत्र देऊन आरक्षण तेथे हलवण्याची मागणी करावी. नुसते ‘दुसरीकडे न्या’ असे लिहिले तर ‘दुसरीकडे’ राहणारे लोक पुढील सूचनेच्या वेळी आपल्या विरोधात उभे राहतात.

चौथा, पुनरुक्ती. शंभर-दोनशे मीटरवर महापालिकेची शाळा चालू असताना पुन्हा प्राथमिक शाळेचे आरक्षण पडले असेल, तर अहवालातील गरजेच्या तक्त्याशी ते ताडून दाखवावे.

पाचवा, रस्त्याचे तुटलेपण. प्रस्तावित रस्ता पुढे कोणत्याही रस्त्याला मिळत नाही, रेल्वेमार्गाशी किंवा नाल्याशी येऊन थांबतो, अशी उदाहरणे आढळतात. जळगाव आणि भुसावळसारख्या रेल्वेने दुभागलेल्या शहरांत हा मुद्दा विशेष लागू पडतो. जेथे रूळ ओलांडण्यासाठी पूल किंवा भुयारी मार्ग प्रस्तावित नाही, तेथे २४ मीटर रुंदीचा रस्ता कोणाच्या उपयोगाचा, हे विचारता येते.

सहावा, भाराची विभागणी. रुंदीकरण मध्यरेषेपासून दोन्हीकडे समान करावे, किंवा संपूर्ण भूखंड जात असल्यास आरक्षणाचा आकार बदलून लगतच्या मोठ्या क्षेत्राकडे सरकवावा.

पूररेषेबाबत वेगळी सावधगिरी लागते. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामास निषिद्ध असतो, तर निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळू शकते. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. आराखड्यावर त्या केवळ दाखवल्या जातात, म्हणून त्या पुसून टाकण्याची मागणी नगर रचना विभागाकडे करून काही निष्पन्न होत नाही. रेषा चुकीच्या ठिकाणी उमटली आहे असे दाखवायचे असेल तर जलसंपदा विभागाचा मूळ नकाशा जोडावा लागतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर नदीचे पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरले होते. ते ज्यांनी पाहिले, ते अशी मागणी करण्यापूर्वी दोनदा विचार करतील.

आणखी एक मत येथे नोंदवतो, ते काहींना रुचणार नाही. आपली जागा सुटावी म्हणून संपूर्ण प्रभागातील सर्वच आरक्षणे रद्द करण्याच्या सामूहिक अर्जावर डोळे झाकून सही करू नये. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात झाड नसलेली, मैदान नसलेली कॉलनी कशी असते, हे खान्देशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हरकतींसोबत सूचनाही देता येतात. नाल्याकाठी हरित पट्टा, भाजी बाजारासाठी ओटे, मुलींच्या शाळेसाठी जागा अशा मागण्या स्थळ दाखवून करणारे अर्ज फार थोडे येतात आणि म्हणून ते उठून दिसतात.

६. अर्ज लिहा

अर्ज एक ते दोन पानांचा असावा. तो सूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्याच्या नावे, म्हणजे बहुधा आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या नावे द्यावा. वकिलाची गरज नसते. मसुदा साधारणतः असा करता येईल :

‘विषय : कलम २६ खालील प्रारूप विकास आराखड्यावर हरकत. मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, भूखंड क्रमांक अमुक, क्षेत्र अमुक चौरस मीटर या मिळकतीचा मी मालक आहे. प्रारूप आराखड्यात या मिळकतीपैकी अमुक चौरस मीटर क्षेत्र १८ मीटर रुंद प्रस्तावित रस्त्याने बाधित दाखवले आहे. या ले-आउटला दिनांक अमुकच्या आदेशाने मंजुरी मिळालेली असून भूखंडावर त्याच परवानगीनुसार बांधलेले घर उभे आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात ही जागा मोकळी दर्शवली आहे, ती वस्तुस्थिती नाही. प्रस्तावित रस्ता उत्तरेकडील गट क्रमांक अमुकच्या हद्दीवरून, सध्याच्या वहिवाटीच्या रस्त्याने नेल्यास कोणतेही घर बाधित होत नाही. तसे रेखाटन सोबत जोडले आहे. सबब रस्त्याची आखणी त्याप्रमाणे बदलावी. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.’

शेवटचे वाक्य विसरू नये. पत्ता आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट लिहावा, कारण सुनावणीचे पत्र त्यावरच येते. मिळकत एका गावात आणि आपण पुण्यात किंवा सुरतेत राहत असाल, तर जेथे पत्र खरोखर स्वीकारले जाईल असा पत्ता द्यावा.

मुख्य मागणीसोबत पर्यायी मागणीही लिहावी : ‘आरक्षण वगळणे शक्य नसल्यास ते अमुक क्षेत्रापुरते मर्यादित करावे.’ समितीला अनेकदा मधला मार्ग स्वीकारणे सोपे जाते, पण तो अर्जात नसेल तर ती तो स्वतःहून शोधत बसत नाही.

कॉलनीने छापील मजकुरावर शेकडो सह्या करून दिलेले अर्ज एकाच हरकतीसारखे हाताळले जातात. सामूहिक अर्ज जरूर द्यावा, परंतु ज्यांची जागा प्रत्यक्ष जाते त्यांनी आपापल्या आकड्यांसह वेगळा अर्जही द्यावा.

७. पोच घ्या

दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घ्यावा. शेवटच्या दिवशी रांग लागते, म्हणून निदान आठवडाभर आधी जावे. ऑनलाइन स्वीकार असेल तरी कागदी प्रतही द्यावी. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे, अर्जाची गरज नाही’ असे सांगणारा, किंवा पैसे घेऊन आरक्षण उठवून देण्याची हमी देणारा मध्यस्थ या काळात हमखास भेटतो. नकाशातील बदलाचा अधिकार समिती, महापालिका आणि शासन अशा पायऱ्यांत विभागलेला असल्याने एका व्यक्तीला अशी हमी देताच येत नाही.

८. सुनावणीची तयारी

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगर नियोजन वा पर्यावरण यांसारख्या विषयांतील जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यांच्यापुढे हरकतींचा ढीग असतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात.

म्हणून आपले म्हणणे तीन वाक्यांत सांगण्याचा सराव करावा : जागा कोणती, चूक कोणती, उपाय कोणता. रंगीत भाग नकाशावर बाधित भाग ठळक करून तो एकच कागद समितीसमोर ठेवावा; संपूर्ण फाइल उघडून बसू नये. मूळ कागद सोबत असावेत, द्यावे मात्र साक्षांकित प्रतींचे संच. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधीला लेखी अधिकारपत्र द्यावे. शेजाऱ्यांशी आधी बोलून घेणे हिताचे असते, कारण आपण सुचवलेला पर्याय त्यांच्या हरकतीशी टक्कर घेत असेल तर समिती मूळ आखणीच कायम ठेवण्याची शक्यता वाढते.

सुनावणीत अधिकारी होकारार्थी मान हलवतात, त्याचा अर्थ ‘ऐकले’ इतकाच असतो. उपस्थितीच्या नोंदवहीत सही करावी आणि नवीन कागद दिल्यास त्याचीही पोच घ्यावी.

९. सुनावणीनंतर लक्ष कोठे ठेवावे

येथे लोक विसावतात आणि नेमके येथेच अनेक प्रकरणे हातातून निसटतात. समितीचा अहवाल आल्यावर महापालिका आराखड्यात बदल करते आणि बदलांची यादी प्रसिद्ध करते. ज्यांनी हरकत घेतली नव्हती त्यांच्या जमिनीवरही या टप्प्यावर नवे आरक्षण येऊ शकते, कारण एकाची जागा सुटली की ते आरक्षण कोठेतरी बसवावे लागते. बदल मोठ्या स्वरूपाचा असेल तर कलम २९ खाली पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

पुढे शासन मंजुरी देताना काही भाग वगळून उरलेला आराखडा मंजूर करते. या वगळलेल्या भागांना कार्यालयात ‘ईपी’ म्हणतात. शासनाने सुचवलेल्या अशा सारभूत (मोठ्या स्वरूपाच्या) फेरबदलांवर कलम ३१ खाली पुन्हा हरकतींची सूचना निघते आणि शासनाने नेमलेला अधिकारी, बहुधा विभागाचे नगर रचना सहसंचालक, सुनावणी घेतो. खान्देशासाठी हे कार्यालय नाशिकला आहे. आपला गट क्रमांक ईपीच्या यादीत असेल, तर महापालिकेतील सुनावणीत जे सांगितले ते येथे नव्याने लेखी द्यावे लागते. जुना अर्ज आपोआप ग्राह्य धरला जात नाही. समितीच्या अहवालाची किंवा आपल्या हरकतीवरील शिफारशीची प्रत मिळत नसेल, तर दहा रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

या संपूर्ण काळात बांधकाम परवानगी मागितली, तर कलम ४६ नुसार प्रारूप आराखडाही विचारात घेतला जातो. ‘अजून मंजूर कोठे झाला आहे’ असे म्हणून प्रस्तावित रस्त्यावर स्लॅब टाकणाऱ्यांचे पुढे मोठे नुकसान होते. भूखंड विकत घेणाऱ्यांनीही केवळ सातबारा आणि बिनशेती आदेश पाहून व्यवहार करू नये. प्रारूप आराखड्यासह ताजा झोन दाखला मागावा. त्या दाखल्यासाठी विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर विसार देऊ नये.

१०. आरक्षण कायम राहिले तर

आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली असे होत नाही. मालकी आपलीच राहते, वापर मर्यादित होतो. कलम १२६ नुसार महापालिका ती जागा आपसांत ठरलेल्या रकमेने, हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वाढीव बांधकामासाठी विकता येणारा हक्क) किंवा वाढीव बांधकामाचे चटई क्षेत्र देऊन, अथवा भूसंपादनाने घेऊ शकते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार जागा विनामोबदला हस्तांतरित केल्यास दाट वस्तीच्या हद्दीत क्षेत्राच्या तिप्पट आणि तिच्याबाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. कागदावर हे आकर्षक दिसते. पण टीडीआरला गिऱ्हाईक लागते आणि जळगाव-धुळ्यात उंच इमारतींची मागणी मोजक्याच रस्त्यांवर आहे. म्हणून प्रमाणपत्र घेण्यापूर्वी शहरात ते प्रत्यक्ष कोण आणि कोणत्या दराने विकत घेतो, याची चौकशी दोन-तीन बांधकाम व्यावसायिकांकडे करावी. त्याच नियमावलीत समावेशक आरक्षणाची तरतूद आहे : ठरावीक आरक्षणांबाबत मालक सुविधा बांधून महापालिकेला देतो आणि उरलेली क्षमता स्वतः वापरतो. मोठ्या क्षेत्राच्या मालकांनी याचा अभ्यास अवश्य करावा. चार-पाच गुंठ्यांच्या मालकाला तो मार्ग क्वचितच परवडतो.

मंजुरीनंतरही आराखड्यात किरकोळ बदल कलम ३७ खाली होऊ शकतो, परंतु त्यासाठी महापालिकेचा ठराव, हरकती आणि शासनाची मान्यता असा संपूर्ण फेरा पुन्हा करावा लागतो.

अखेरचा आणि सर्वाधिक गैरसमज असलेला मार्ग कलम १२७ चा आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नियोजन प्राधिकरणावर खरेदी सूचना बजावू शकतो. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. ही मुदत पूर्वी कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती २४ महिने झाली. जुन्या लेखांतील सहा किंवा बारा महिन्यांचा हिशेब धरू नये. महापालिकेने नुसता ठराव करून शासनाकडे पत्र पाठवले तर ते ‘पाऊल’ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दहा वर्षे उलटली की आरक्षण आपोआप उठते, ही समजूत चुकीची आहे. सूचना बजावलीच नाही तर आरक्षण तसेच राहते. सूचनेसोबत मालकी हक्काची कागदपत्रे जोडणे कायद्यानेच आवश्यक आहे. सातबाऱ्यावरील सर्व सहधारकांच्या सह्या असाव्यात, एखादी बहीण परगावी असली तरी तिची सही किंवा अधिकारपत्र घ्यावे, कारण हक्काविषयीच्या त्रुटीवर बोट ठेवून सूचना परत केली जाते. ती समक्ष देऊन पोच घ्यावी आणि नोंदणीकृत टपालानेही पाठवावी. २४ महिने पूर्ण झाल्यावर आरक्षण व्यपगत झाल्याची राजपत्रातील अधिसूचना निघण्यासाठी लेखी पाठपुरावा करावा. ती हाती आल्यावर लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे त्यानुसार बांधकाम परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जासोबत अधिसूचनेची प्रत, ताजा झोन दाखला व मोजणीची ‘क’ प्रत जोडावी.